खांबावरच्या कामाचा दर

मखमलाबाद, नाशिक
२४ नोव्हेंबर १९९८

गोरक्षभाऊजी,

वर 'चिरंजीव' लिहावं की 'श्रीयुत', यात दहा मिनिटं गेली. चिरंजीव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, वहिनीला म्हातारी व्हायची घाई झाली. श्रीयुत लिहिलं तर विमा कंपनीचं पत्र वाटेल, आणि ती पत्रं या घरात सध्या पुरेशी येतात. म्हणून नुसतं नाव.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. या म्हणून कुणी कळवलंही नव्हतं, हे खरंच. आईंनी तुमच्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या डब्यात भरून फळीवर ठेवल्या होत्या. तुमचे दादा जेवताना त्या डब्याकडे बघायचे आणि भाजीत मीठ नाही म्हणून माझ्यावर खेकसायचे. मीठ बरोबर असायचं. अकराव्या दिवशी मी डबा काळूच्या घरी नेऊन दिला. "गोरक्षच्या हाय व्हय? मंग दोन जास्ती खातो," म्हणाला. दवाखान्यातून आलाय तो. मांडीत सळई आहे. घोट्याबद्दल डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात.

आपल्या गल्लीत सगळी गोष्ट आता अशी सांगतात: सावळीराम कंत्राटदाराला वीज मंडळाचं खांब उभे करायचं काम मिळालं. कामगारांचा विमा त्या कामाला सक्तीचा. चेकचं पाकीट धाकट्या भावाकडे दिलं होतं, तो ते भरायला विसरला, आणि नेमका त्याच दिवसांत काळू खांबावरून पडला. विम्याचा एक रुपया मिळाला नाही. थोरल्याने धाकट्याला घराबाहेर काढलं, धाकटा मनमाडला रेल्वेत लागला. आपला फुलवाला तर गिऱ्हाइकाला झेंडू तोलता तोलता सांगून टाकतो.

यात खांबावरच्या कामाचा दर कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. गेल्या वर्षीपर्यंत आपल्या नऊ माणसांचा विमा घरातल्या वायरिंगचा होता, वर्षाला दोन हजार नऊशे. तीच नऊ माणसं, त्याच पकडी, पण जमिनीपासून अठ्ठावीस फूट वर गेली की अकरा हजार चारशे. तुमचे दादा तेव्हा मल्हारी एजंटला म्हणाले होते, "माणूस पडला तर तुम्ही देणार, नाही पडला तर माझे गेले. म्हणजे पैसे वसूल करायचे तर मी दर वर्षाला एक माणूस पाडायचा का?" मल्हारी हसला होता. आता तो आमच्या गल्लीतून स्कूटरसुद्धा नेत नाही.

जुनी पॉलिसी तीस सप्टेंबरच्या रात्री बाराला संपली. त्याच सकाळी पाकीट तुमच्याकडे दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, मग गांधी जयंती, मग शनिवार-रविवार. कंपनीचं दार उघडलं ते सोमवारी, पाच तारखेला. काळू पडला शनिवारी.

आणि रविवारी अंगणात दादांनी विचारलं, पाकीट कुठं अडकलं? तुम्ही म्हणालात, "राहिलं माझ्याकडून." बाकी काही नाही. मग दादा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल. मी ओसरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो कुणाला द्यायला आणला होता, ते मला अजून आठवत नाही.

रेल्वेचं बोलावणं तुम्ही दादांच्या धंद्यापायी नाकारणार होतात. आता घेतलंत ते बरं केलंत, असं मी लोकांना सांगते.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. काळू बरा झाला की गल्ल्यावर बसणार आहे. टपाल त्याच्या हाती पडेल आणि तो ते माझ्याच हाती देईल.

तुमची वहिनी,
उज्वला


नाशिक
८ जुलै १९९९

गोरक्षभाऊजी,

तुमची तीन कार्डं आली. तिन्हींवर मजकूर तोच: 'मी ठीक. आईला नमस्कार. काळूचा पाय कसा?' पुढच्या वेळी शंभर छापूनच घ्या, स्वस्त पडतील. मी या घरात आले तेव्हा तुम्ही नववीत होतात आणि निबंधाला 'गाय' दिली तर दीड पान लिहायचात. आता वहिनी गायीपेक्षाही खाली गेली.

काळूचा पाय सांगते, पण त्याआधी तुमच्या दादांचा पराक्रम.

पॉलिसी नव्हती म्हणजे काळूची भरपाई आपल्या खिशातून, हे तर ठरलंच होतं. पण वकील म्हणाले, हातोहात दिलेले पैसे कायदा मोजत नाही, ते कामगार न्यायालयातच भरावे लागतात, आणि त्यासाठी काळूने अर्ज करायला हवा. काळू अडून बसला. "दादाच्या विरोधात मी नाय उभा ऱ्हानार."

"तुला उभं राहता येत नाही, म्हणूनच तर केस आहे," दादा म्हणाले. "तू बस. वकील उभा राहील."

मग दादांनी स्वतः त्याला वकील बघून दिला, त्याची फी भरली, आणि आपल्याच विरुद्ध केस करवून घेतली. तारखेला दोघं एकाच रिक्षाने गेले. साहेबांनी विचारलं, विरुद्ध पक्षाचं म्हणणं काय? दादा म्हणाले, "अर्जदार सांगतो ते खरं आहे साहेब, आणि तो कमी सांगतोय. पावसाळी हवेत त्याचा घोटा ठणकतो, ते त्याने लिहिलेलंच नाही." आपल्या बाजूच्या वकिलाने तिथेच डोक्याला हात लावला.

लाखाला थोडे कमी, एवढी रक्कम ठरली. मॅटाडोर विकली. खांब आता भाड्याच्या टेंपोतून जातात. काळू दुकानात बसतो आणि फोनवर "सावळीराम इलेक्ट्रिकल, बोला" असं इतक्या जोरात म्हणतो की फोन नसता तरी चाललं असतं. लंगडतो. शिडीकडे बघत नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, काळू पडला त्याच आठवड्यात मल्हारीने एक युक्ती सुचवली होती. पॉलिसी सोमवारची आहे ना, मग अपघात मंगळवारी झाला असं लिहू, डॉक्टरांना मी बघतो. दादा म्हणाले, "काळू शनिवारी पडला. मंगळवारी खाली पोचला असं लिहायचं का? तीन दिवस हवेत होता?"

घरात इतकं खरं बोलणारा एक माणूस असला की बाकीच्यांना फार जड जातं, भाऊजी.

तुमचं नाव घरात निघत नाही. परवा तारा तपासायचा मेगर बंद पडला तेव्हा दादा सवयीने "गोर..." इतकं म्हणाले आणि खोकले. आईंनी आल्याचा काढा केला.

उज्वला


नाशिक
२२ ऑक्टोबर १९९९

गोरक्षभाऊजी,

दसरा झाला. सोनं पाठवते आहे, चार आपट्याची पानं. कार्डावर चिकटवून परत पाठवू नका.

यंदा पॉलिसी महिनाभर आधीच घेतली. प्रीमियम वाढला, कारण गेल्या वर्षी आपल्याकडे अपघात झाला होता. त्या अपघाताचा एक पैसा कंपनीने दिला नाही, पण झाला होता तो झालाच होता. हे कारण मी मल्हारीकडून तीनदा समजून घेतलं. मी बी.कॉम. आहे. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली.

तेरा हजार सहाशे. इकडे भाड्याचा टेंपो, तिकडे हे. म्हणून दादा कंत्राटदारांच्या बैठकीला गेले, मला घेऊन, कारण फॉर्म मी भरते. तिथे ज्ञान मिळालं. एकाने सतरा माणसांपैकी चौदा फॉर्मवर 'शिपाई' दाखवली आहेत. शिपायाचा दर अगदी कमी, शिपाई कुठून पडणार? दुसऱ्याने सगळे 'दुकानातले मदतनीस' केलेत. तिसऱ्याकडे माणसंच नाहीत, त्याचे खांब आपोआप उभे राहतात. विमा कंपनीच्या कागदांवर विश्वास ठेवला तर नाशिक जिल्ह्यात विजेच्या खांबावर फक्त शिपाई चढतात, तेही बहुधा चहा घेऊन.

मला एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, थोडं डोकं लावा. नऊतले तीनच चढणारे दाखवा. जो पडेल त्याचं नाव त्या तिघांत घालायचं."

"आणि दोन पडले तर?"

"एका वर्षात दोन नाही पडत हो."

दादा उठले. बाहेर येऊन म्हणाले, "नऊच्या नऊ लिही. खांबावरचे लिही." मी म्हटलं, दोन महिने किराणा उधार आणावा लागेल. "मग उधार आण." तेवढ्यात काळूचा दुकानातून फोन, बैठकीच्या हॉलवर. "वयनी, औंदा माझं नाव हाय का पॉलिशीत?" अरे, तू तर गल्ल्यावर बसतोस! "आसू द्या. खुर्चीवरून पन माणूस पडतो." त्याचंही नाव घातलं, दहावं; त्याच्या जागी चढायला नवा माणूस घेतलाय. तेवढा एक मात्र खरोखर दुकानातला मदतनीस आहे.

खंडेनवमीला पकडी, टेस्टर, पट्टे, शिड्या सगळं मांडलं. आईंनी आपल्या शेतातल्या झेंडूने शिडीच्या पायऱ्या न पायऱ्या मढवल्या. पूजेत यंदा कुठलंही पाकीट नव्हतं.

हे वाक्य खोडणार होते. राहू देते. तुम्हाला कळेल.

उज्वला


नाशिक
३ फेब्रुवारी २००१

प्रिय गोरक्षभाऊजी,

अडीच वर्षांत तुमचं पहिलं खरं पत्र आलं, चार पानी. दुकानात उभ्याने वाचलं. काळू म्हणाला, "वयनी, बसा, नाय तर पॉलिशी काढावी लागंल."

भाग्यश्री. नामपूरची, वडील कांद्याचे अडते, स्वतः मनमाडला शाळेत शिकवते, आणि शाळेतला पंखा दुरुस्त करताना तुमची ओळख झाली. रेल्वेचा माणूस शाळेतला पंखा कधीपासून दुरुस्त करायला लागला, हे मी विचारत नाही. चार पानांत तिचं नाव अकरा वेळा आहे.

आणि शेवटच्या पानावर ते. तिच्या काकांनी नाशिकला चौकशी केली. त्यांना तीच गल्लीतली गोष्ट मिळाली: मुलगा बेफिकीर, त्याच्यामुळे एक माणूस लंगडा झाला, सख्ख्या भावाने घराबाहेर काढला. तिचे वडील म्हणतात, थोरल्या भावाने येऊन एकदा समोरासमोर सांगावं की असं काही नाही, तरच पुढची बोलणी. आणि तुम्ही मला लिहिता, 'वहिनी, तुम्ही यात पडू नका. मी दुसरी मुलगी बघेन.'

दुसरी मुलगी म्हणजे काय बल्ब आहे का, हा गेला, दुसरा लावला?

नाही भाऊजी. आतापर्यंत तुमचं घर गेलं होतं. ते मी चालवून घेतलं, मनाला सांगितलं की रेल्वेची नोकरी आहे, पेन्शन आहे, पास आहे. आता तुमचं नाव जातंय, आणि त्याच्याबरोबर ही मुलगी. ते मला चालवून घेता येणार नाही.

दादांना मी सांगणार आहे. त्याआधी एकदा लिहून बघते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी शब्दांत मांडलेलं नाही. तोंडाला सवय हवी.

तीस सप्टेंबरला सकाळी दादांनी चेकचं पाकीट तुमच्याकडे दिलं. तुम्ही पिशवीत ठेवलंत आणि आंघोळीला गेलात. खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. आई म्हणाल्या, एवढा मोठा चेक कधी घरातून गेला नाही, देवासमोर तरी ठेव. म्हणून मी

ते खोडलं. आईंनी तसं म्हटलं होतं, पण गमतीत. पाकीट मी काढलं. माझ्या हाताने. हळदकुंकू लावून मेगरच्या खाली ठेवलं. तुम्ही संध्याकाळी कंपनीच्या दारातून परत आलात, पिशवी पालथी करून दाखवलीत, "वहिनी, पाकीट?" मी म्हटलं, पूजेत आहे, उद्यापर्यंत हलवता येत नाही. तुम्ही हसलात. "उद्या दसरा. म्हणजे सोमवार. चला, चार दिवस देवाचा विमा."

चौथ्या दिवशी अंगणात दादांनी विचारलं आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, राहिलं माझ्याकडून.

तुम्ही बघितलं असतंत तर मी बोलले असते. असं मी अडीच वर्षं स्वतःला सांगते. तांब्या घेऊन उभी असलेली बाई बोलली असती की नाही, खरं तर मला माहीत नाही.

उज्वला


नाशिक
११ फेब्रुवारी २००१

प्रिय गोरक्षभाऊजी,

आधी काळूला सांगितलं. पाय त्याचा आहे, पहिला हक्क त्याचा.

आणि त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही ठाऊक नाही. आता लिहिते, कारण अर्धं खरं लिहिण्यात मी गेली अडीच वर्षं फार तरबेज झाले आहे.

पाकीट पूजेत ठेवलं ते भक्तीने नव्हे. बँकेत तेव्हा सोळा हजार होते. दसऱ्याचा बोनस माणसी पाचशे, नऊ जणांचा, शिवाय मॅटाडोरचं डिझेल, शिवाय तारेचं बंडल. विम्याचा चेक तीस तारखेला गेला असता तर बोनस दिवाळीवर ढकलावा लागला असता. दादा तसंच करणार होते; बँकेचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून बोनस मीच वाटून टाकला. मला वाटलं, वर्षभर उन्हात लटकणारी माणसं दसऱ्याला रिकाम्या हाताने घरी जाणार आणि अकरा हजार चारशे जाणार कुणाला, तर खुर्चीत बसलेल्या कंपनीला! चार दिवस थांबेल कंपनी, सोमवारी मंडळाचं बिल जमा होणारच होतं. तिचं काय अडलंय. देव मी पुढे केला, कारण देवापुढचं पाकीट या घरात कुणी हलवत नाही. बी.कॉम.चा हिशोब होता तो, वरून हळदकुंकू.

काळू ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी माज्याच बोनसपायी माजा पाय?"

मी हो म्हटलं.

त्याने स्विचच्या पेटीतले स्क्रू इकडून तिकडे केले. "त्या पाचशात बायकोला लुगडं घेतलं हुतं," म्हणाला. "चांगलं निघालं. अजून नेसती." मग म्हणाला, "वयनी, पाय मोडला तो मी पट्टा न लावता चढलो म्हून. पाकिटानं नाय ढकललं मला. पैसं तर दादानं दिलंच. पर गोरक्षचं काय? त्याचं कोन देनार?"

रात्रीपर्यंत थांबले नाही. दादा दुपारी जेवायला आले तेव्हा ताट वाढलं आणि सांगितलं, सगळं, बोनससकट. आई पलीकडे वाती वळत होत्या.

मला वाटलं होतं, ताट भिरकावतील. अंगणात तुम्हाला बोलले तसं बोलतील. मी तयारीने, भिंतीला पाठ लावून उभी होते. त्यांनी भाकरी ताटात परत ठेवली.

"त्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो गप्प बसला."

"हो."

"मी त्याला काय काय बोललो..." एवढं म्हणून हात धुतले आणि बाहेर गेले. चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. आई मात्र बोलल्या. "मी गंमतीत म्हणले हुते गं," म्हणाल्या आणि रडल्या. मी त्यांना म्हटलं, तुमचं काही नाही त्यात. हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. त्यासुद्धा अडीच वर्षं ते पोटात घेऊन वाती वळत होत्या, हे मला कळायला हवं होतं. इतरांना टोमणे मारण्यात मी इतकी हुशार असते.

पाचव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, दादांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. कुठं निघालात? "नामपूरचा पत्ता दे. पुढच्या रविवारी जायचंय. तूही चल."

मी काय बोलायचं ते ते सांगत नाहीत. ते काय बोलणार तेही सांगत नाहीत.

उज्वला


नाशिक
२६ फेब्रुवारी २००१

प्रिय गोरक्षभाऊजी,

तारीख ठरली, हे तुम्हाला भाग्यश्रीने आधीच सांगितलं असेल. पण ती तिकडे मनमाडला होती, तिला झालेला प्रकार कुणी धड सांगितला नसणार. तो मी सांगते.

एसटीत दादा सटाण्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सटाण्याला उसाचा रस घेतला आणि पेला माझ्या हातात देताना म्हणाले, "तू आत बायकांत बस." मला वाटलं, रागाने म्हणाले.

नामपूरला त्यांच्या घरात ओटीवर पुरुष, माजघरात बायका, मध्ये पडदा. भाग्यश्रीची आजी, सुलाबाई, माझ्या शेजारी. ऐंशीच्या असतील, कान तिखट. बाहेर चौकशी सुरू झाली. काका वकिलासारखे विचारत होते. पाकीट कुणाकडे होतं? विसरलं कोण?

आणि तुमचे दादा म्हणाले, "पाकीट मी ठेवून घेतलं होतं. पैशांची ओढाताण होती. दोष माझा. माझ्या भावाने तो अंगावर घेतला आणि मी त्याला घेऊ दिला."

भाऊजी, काळू शनिवारी पडला म्हणजे शनिवारीच पडला म्हणणारा माणूस हा. लाख रुपये गेले तरी तारीख तीन दिवस हलवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते इतकं वाईट जमलं! आवाज चिरका, मध्येच खोकला. काकांनी विचारलं, "मग इतकी वर्षं भावाशी अबोला का?" तर हा पुन्हा खोकला.

एक खोटं तुम्ही माझ्यासाठी बोललात, एक हे. या घरातल्या पुरुषांनी माझ्यासाठी खोटं बोलायची रांगच लावली होती, आणि मी प्रत्येक वेळी कुठंतरी आडोशाला उभी. सुलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि पडदा बाजूला केला.

"ते खोटं बोलतायत," मी म्हटलं. "त्यांना सवय नाही, म्हणून जमत नाहीये. पाकीट मी ठेवलं. गोरक्षभाऊजींनी मला वाचवायला स्वतःचं नाव पुढे केलं. ते बेफिकीर नाहीत. उलट जरा कमी काळजी घेतली असती तर बरं झालं असतं."

मुलीच्या वडिलांनी पानाचं तबक उगाचच सरळ केलं. काका म्हणाले, "म्हणजे घरातल्या बाईने व्यवहारात..." आणि तेवढ्यात मागून सुलाबाईंचा आवाज आला, "तू गप ऱ्हाय रे. हाई बाई खरं बोलनी. या घरमा पोर देवाले काय हरकत शे?"

मुलगी द्यायला हरकत नाही, असा निकालच तो. मुलीच्या वडिलांनी दादांना विचारलं, आता विमा वेळेवर भरता ना? दादा म्हणाले, "महिनाभर आधी. नऊच्या नऊ, आणि एक खुर्चीवरचा." त्यांना काही कळलं नाही, पण तबक पुढे आलं.

परतीच्या एसटीत दादा माझ्याशी बोलले. म्हणाले, "तुला आत बस म्हटलं होतं." मी म्हटलं, "ऐकलं नाही." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं केलंस." घरी आल्यावर रात्रीचं जेवण बाजूला ठेवून त्यांनी स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडला, जो ठिणग्या मारतो असं मी गेली सहा वर्षं सांगतेय, आणि नवा बसवला. मग झोपले.

आता मुद्द्याचं. या रविवारी ते सकाळच्या गाडीने एकटे तुमच्याकडे येणार आहेत. मी येत नाही, मला तसं सांगितलंय. काय बोलायचं ते कागदावर लिहून दे म्हणाले. मी दिलं. वाचलं, घडी घातली, फाडून टाकलं. 'हे असं मला बोलता येणार नाही.'

म्हणून सांगून ठेवते. ते आले की दारात जरा वेळ उभे राहतील. तुम्ही पहिल्यांदा या म्हणा. चहा जास्त साखरेचा द्या. मग ते तुमच्या क्वार्टरच्या भिंतींकडे बघायला लागतील आणि म्हणतील, अर्थिंग बरोबर नाही, हे वायरिंग कोणत्या गाढवाने केलंय. ते रेल्वेने केलंय, चांगलं आहे, असं सांगत बसू नका. वाद घालू नका. ते बोर्ड उघडतील. उघडू द्या. त्यांना जे म्हणायचं आहे ते ते तिथेच म्हणणार आहेत. तुम्ही शेजारी उभे राहून स्क्रू हातात धरा.

मेन स्विच तेवढा आधी तुम्ही बंद करा. एरवी ते कधी विसरत नाहीत. त्या दिवशी विसरतील.

तुमची वहिनी,
उज्वला